ह्यांच्या वहीतली क्रियापदं

माझे यजमान सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खिडकीमागे बसायचं, गाड्यांच्या वेळा लिहायच्या आणि माइकवरून सांगायच्या, हे त्यांचं काम. घरी आम्ही मालवणीच बोलायचो, पण माइकसमोर ह्यांचं मराठी असं स्वच्छ की भाजी घेताना तो आवाज कानावर आला की मी थांबून ऐकायची. "आंबोलीमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." गाडीची चाकं थांबल्याशिवाय ते 'लागली आहे' म्हणायचे नाहीत. एवढं त्यांना महत्त्वाचं वाटायचं.

एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि गाड्या दिवसभर अडकल्या. पाठीवर सॅक घेतलेला एक परदेशी म्हातारा ह्यांच्या खोलीत येऊन बसला. त्याच्या शर्टाला हिरव्या चांदणीचा बिल्ला होता. त्याचं इंग्रजी यथातथाच, आणि ह्यांचं त्याहून. दोघांनी दिवसभर चहा प्यायला आणि कागदावर चित्रं काढली. संध्याकाळी घाट मोकळा झाला तेव्हा तो जाताना एक पातळ पुस्तक देऊन गेला. कुणालाही लवकर शिकता यावी म्हणून मुद्दाम तयार केलेली एक भाषा आहे, एस्पेरान्तो, तिचं ते इंग्रजीतलं पुस्तक. हे घरी आले ते पुस्तक पोटाशी धरूनच.

पुढची कितीतरी वर्षं ड्युटी संपली की डिक्शनरी घेऊन हे त्या पुस्तकाचं मराठी करत बसायचे. दोनशे पानी वही. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी', आणि पहिला धडा क्रियापदांचा. ह्यांचं म्हणणं, नावं काय, बोट दाखवूनही सांगता येतात. क्रियापदाला बोट दाखवता येत नाही, म्हणून ते आधी शिकावं.

ह्यांच्या अक्षरात तो धडा असा होता. क्रियापदाचं मूळ रूप इकारानं संपतं. येणं म्हणजे वेनी, जाणं म्हणजे इरी. शेवटचा तो इकार काढायचा. घडून गेलं असेल तर 'इस' जोडायचं, घडत असेल तर 'आस', घडायचं असेल तर 'ओस'. कुणाला काही करायला सांगायचं तर 'ऊ'. अमुक झालं असतं तर तमुक झालं असतं, असं म्हणायचं तर 'उस'. मग उदाहरणं. ला बूसो वेनिस, बस आली. ला बूसो वेनास, बस येतेय. ला बूसो वेनोस, बस येईल. आणि खाली दोनदा अधोरेखित: करणारा कुणीही असो, पुरुष, बाई, एक, शंभर, क्रियापद बदलत नाही. अपवाद नाहीत.

निवृत्त झाल्यावर आम्ही मिठबावला, समुद्रकाठच्या ह्यांच्या गावच्या घरी राहायला आलो. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेलेली. मी अंगणवाडीच्या नोकरीतून सुटलेली. सकाळी हे घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून वही उघडायचे आणि मोठमोठ्यानं ते इस-आस-ओस म्हणायचे. मला हाक मारायचे.

"बस गो जरा. एकच धडो."

"आणि शिकान बोलूचा कोणाशी? माडांशी?"

"माझ्याशी बोल."

"तुमच्याशी मालवणीत बोलतंय ता कमी पडता?"

तरी तीन दिवस बसले. 'मी' म्हणजे 'मी'च, याची गंमत वाटली. 'ती'ला 'शी' म्हणतात हे ऐकून हसू आवरेना. मग विचारलं, बाई गेली की पुरुष गेला हे क्रियापदावरून कळत नसेल तर ती कसली भाषा? हे म्हणाले, कर्ता सांगता ना! चौथ्या दिवशी मला पापड करायचे होते. त्यानंतर ह्यांनी बोलावलं नाही, आणि मीही बसले नाही.

आंब्याचे दिवस होते. त्या सकाळी सात वाजता आम्ही चहा घेतला. सव्वाआठच्या सुमाराला मी किनाऱ्यावर मासळी बघायला निघाले, तेव्हा ह्यांनी खळ्यातून हाक मारून सांगितलं, "बांगडो गावलो तर बघ. पेडवे नको." स्वच्छ शब्द. मी पिशवी शोधत होते, ती सापडेना. एवढ्यात बाहेरून आवाज आला, लांबट, ओढलेला. "ओऽ... वे... आऽस..." पुन्हा तसाच. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं.

मला वाटलं, ह्यांचा धडा सुरू झाला.

"तुमचा चलांदे," मी आतूनच म्हटलं. "मी जावन येतंय." पिशवी मागल्या पडवीत सापडली, म्हणून मागल्याच दारानं गेले. पुढे खळ्यात डोकावले असते तर चार पावलांचा फेरा पडला असता.

किनाऱ्यावर होड्या उशिरा लागल्या. मी वाळूत बसून बायकांशी बोलत राहिले. बांगडे घेऊन आले तेव्हा दहा वाजले होते. हे खुर्चीतून घसरून खांबाला टेकले होते. पेन्सिल जमिनीवर. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात पायाशी मेल्यासारखा पडलेला. डोळे मात्र उघडे होते आणि माझ्याकडे बघत होते.

शेजारचा रिक्षावाला भाऊ धावत आला. त्यानं आणि त्याच्या बायकोनं ह्यांना उचलून रिक्षात घातलं. पुढे रुग्णवाहिका मिळाली. मोठ्या इस्पितळात पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ह्यांना नीट बोलताना तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? वेळ नक्की सांगा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते साडेचार तासांच्या आतच देता येतं."

मी म्हटलं, "सकाळी सातला. चहा घेतला तेव्हा."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मला ठाऊक नाही. मी मासळीला गेले होते."

हे खोटं नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. सातला चहा घेतलाच होता. पण सव्वाआठचं ते बांगड्याचं बोलणं मी सांगितलं नाही. कारण ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालं? आणि मग मला सांगावं लागलं असतं की नवरा ओरडत होता, मी ऐकलं आणि मागल्या दारानं निघून गेले. रिक्षावाला भाऊ शेजारी उभा होता. मला लाज वाटली. तेवढ्या लाजेपोटी मी गप्प बसले.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, हिशेब केला आणि म्हणाले, मग वेळ उलटली आहे, आता ते देणं धोक्याचं. जे सांगितलं होतं त्यावरून त्यांचं बरोबरच होतं. इंजेक्शन दिलं असतं तर हे बरे झाले असते की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांना मी आडून विचारलं, तेही तेच म्हणाले. पण मला जे माहीत होतं ते त्या दिवशी माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी हे घरी आले. उजवा पाय ओढत चार पावलं टाकायचे. मुलगी महिनाभर येऊन राहिली, तिनं सगळं केलं आणि गेली. समजायला ह्यांना सगळं समजायचं. शब्दही बरेच यायचे. फक्त वाक्य जुळायचं नाही. एक दिवस ह्यांचे जुने दोस्त, निवृत्त कंडक्टर, भेटायला आले. हे खुर्चीत उठून बसले, चेहरा फुलला, मला म्हणाले, "चाय कर गो. ती इली."

कंडक्टर हसले. "अरे, माका बाई केलंस काय!"

ह्यांना चूक कळली होती. ते दुरुस्त करायला गेले. "ती... तां... इलां... इली..." कपाळावर घाम आला. कंडक्टर मनानं चांगला माणूस, त्यांना वाटलं हसून वेळ मारून न्यावी. मीही हसले. हे थांबले, कपाकडे बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोलणं सोडलं. पाणी हवं तर तांब्याकडे बोट, उठायचं तर हात पुढे. ज्या माणसाच्या शब्दावर अख्खा स्टँड उठून गाडीकडे धावायचा, तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक बाई आठवड्यातून एकदा भेटायची. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "काका शब्द विसरलेले नाहीत. पण आला, आली, आलं यातली नेमकी शेवटची अक्षरं हातून निसटतात. अशा आजारात पुष्कळांचं तसं होतं. त्यांना ज्या कशात बोलावंसं वाटेल, त्यात बोलू द्या."

घरी येताना मला वही आठवली. त्या सकाळी ती शेजारणीनं उचलून कपाटावर ठेवली होती, आणि तेव्हापासून मी तिला हात लावला नव्हता. काढली, झटकली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर अक्षरं खाली खाली घसरत गेली होती. मी ते पान बघून वही मिटली आणि पुन्हा कपाटावर ठेवली. आणखी चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी चहानंतर मी ह्यांच्या पलंगाशी स्टुलावर बसले आणि पहिल्या धड्यातलं वाचलं, "ला बुसो वेनास."

भिंतीकडून आवाज आला, "बूऽसो."

"काय?"

हे वळले. "बूऽसो," ते म्हणाले, चिडून. "बूऽऽसो."

"ला बूसो वेनास," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन दारात आली. मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "शी वेनास." मागोमाग रिक्षावाला भाऊ आला. "ली वेनास." तो येतोय, ती येतेय, क्रियापद तेच. चुकायला जागाच नव्हती. ह्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बोट दाखवत ते चार-पाच वेळा म्हटलं. शेजारणीला काही कळेना. ती म्हणाली, "काय म्हणतत गो?" मी म्हटलं, "तुमी इलास म्हणतत."

त्या दिवसापासून रोज चहानंतर धडा. पाटीवर मी लिहायची, हे डाव्या हातानं खूण करायचे, बरोबर की चूक. मी वाईट विद्यार्थिनी होते. बाईमाणसाची सवय, 'मी वेनास' म्हणताना जीभ वेनासीकडे वळायची. हे डाव्या मुठीनं पलंगाची कड ठोकायचे. आज्ञेचं रूप ह्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात पक्कं आलं. दोनू, दे. वेनू, ये. सिदू, बस. दिवसभर ते चाललेलं. एकदा मी वैतागून म्हटलं, माइक सुटलो पण हुकूम काय सुटले नाय! हे हसले. अर्धाच चेहरा हसला, पण हसले.

पाऊस लागला तेव्हा मला एक गोष्ट मिळाली. पाऊस पडतोय म्हणायला त्या भाषेत एकच शब्द पुरतो, प्लूवास. कर्ता नाहीच. सकाळी उठून हे खिडकीकडे बघायचे आणि म्हणायचे, "प्लूवास." मी चुलीपाशी म्हणायची, "प्लूवास." तीन महिने आम्ही हेच बोललो म्हटलं तरी चालेल. ह्यांचं बोलणं फार सुधारलं, असं नाही. चाळीसेक क्रियापदं असतील आमच्यात. कधी मध्येच मालवणी शब्द यायचा आणि गाडी तिथेच अडायची. पण धड्याच्या त्या तासाभरात हे शिकवणारे असायचे, आजारी नव्हे.

दिवाळी झाली. मुलगी येऊन गेली. तिच्यासमोर हे एस्पेरान्तो बोलायचे नाहीत, लाजायचे. ती गेल्यावर घर पुन्हा दोघांचं झालं, आणि माझ्या मनात ती सकाळ फार यायला लागली. मालवणीत ते माझ्या तोंडून निघणार नाही, हे मला ठाऊक होतं. अनेकदा सुरुवात केली होती. "अवो, त्या दिवशी..." एवढं म्हणून मी भांडी आवरायला उठायची. म्हणून मी वहीतून शब्द शोधले. ऐकणं, आउदी. येणं, जाणं तर पहिल्याच धड्यातलं. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चहानंतर पाटीवर लिहिलं आणि ह्यांना वाचून दाखवलं.

"मी आउदिस विन. मी ने वेनिस. मी इरिस."

मी तुम्हाला ऐकलं. मी आले नाही. मी गेले.

ह्यांनी पाटी मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली आणि सावकाश, एकेका क्रियापदावर, बरोबरची खूण केली. आउदिस, वेनिस, इरिस. तीन खुणा. "बोने," ते म्हणाले. छान.

मला कळेना. हे त्यांना समजलं, आणि समजून ते छान म्हणाले? की नेहमीसारखा धडा तपासला? तीन वाक्यं, तिन्ही घडून गेलेली, तिन्ही बिनचूक. मास्तर म्हणून दुसरं काय म्हणायचं? मी त्यांचा हात धरला आणि मालवणीत म्हटलं, "अवो, माका आयकाक इला होता. माका वाटला तुमी धडो म्हणतास." त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण त्या आजारात डोळ्यांत पाणी कधीही यायचं, आंबा गोड लागला तरी यायचं. मग त्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुढच्या धड्यावर बोट ठेवलं. तो 'उस'चा धडा होता. दरड कोसळली नसती तर गाडी आली असती.

"आज नको," मी म्हटलं आणि कप उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी तो धडा केला. ह्यांनी माझ्याकडून पाच वाक्यं लिहून घेतली, सगळी गाड्यांची. दोन चुकली.

थंडी पडल्यावर ह्यांना खोकला झाला. गिळताना पाणी चुकीच्या वाटेनं जायचं, ते छातीत उतरलं. पुन्हा तेच इस्पितळ. आठ दिवस गेले. शेवटच्या दुपारी मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. ह्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी व्हया." मालवणीत, अगदी नीट. पाणी द्यायला मनाई होती. मी ओला कापूस ओठांना लावला. मुलगी वर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. मुलगी मागे राहिली होती. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो, तेव्हा मी तिला सांगितलं. आवाज ऐकला ते, मागल्या दाराचं, आणि डॉक्टरांना सात वाजले सांगितलं ते. ती सूप हातात धरून बसली.

"हे बाबांना माहीत होतं?"

"मी सांगितलं. समजलं की नाही, कळलं नाही."

"कशात सांगितलंस? त्यांच्या त्या भाषेत?"

"मालवणीतपण सांगितलं. नंतर."

ती म्हणाली, "आई, हे तू मला आता का सांगितलंस? मी काय करू याचं?" मला एकटीला ते वागवणं होत नव्हतं, एवढंच. त्या दुपारी तिनं बॅग भरली. रविवारपर्यंत राहणार होती, ती शुक्रवारीच गेली.

मग दोन महिने जावयांचाच फोन यायचा. ती कामात आहे म्हणायचे. मी आग्रह केला नाही. चहानंतर वही उघडून बसायची, पण कोण खूण करणार? फोनवर या भाषेच्या लोकांची बोलणी ऐकायला मिळतात, असं शेजारणीच्या सुनेनं शोधून दिलं. मी ऐकलं. भराभर बोलत होते, हसत होते. मला फक्त शेवटची अक्षरं कळत होती, कुणीतरी गेलं, कुणीतरी येणार आहे. कोण, कुठे, काही नाही. मी ते बंद केलं.

मे महिन्यात मुलगी आली, न कळवता. चार दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला खळ्यात नेलं आणि विचारलं, बाबा कुठे बसले होते? तू कुठे होतीस? पिशवी कुठे होती? मी सगळं दाखवलं. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता तू बाहेरून आवाज दे." मी खुर्चीपाशी उभी राहून तो आवाज काढायचा प्रयत्न केला. जमला नाही, रडू आलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "आत नीट ऐकू येत नाही, आई." ते खरं नव्हतं. स्वयंपाकघरात खळ्यातलं सगळं ऐकू येतं, ती त्याच घरात सुट्ट्यांना वाढलेली. पण ती तसं म्हणाली, आणि मी ते खोडलं नाही.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. माझ्या गोळ्या, नातवाचा अभ्यास, आंबे किती लागले, एवढं बोलतो. ह्यांचा विषय दोघीही काढत नाही. गेल्या रविवारी बोलणं संपलं तरी तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. मग तिकडे कुकरची शिटी झाली, आणि ती म्हणाली, "चल, गॅस बंद करते."